हॉजकिन लिम्फोमा निघाला, आता पुढे काय? तरुण रुग्णांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शक

मानेवर, काखेत किंवा गळ्याच्या हाडामागे न दुखणारी, रबरासारखी गाठ लागली आहे. डॉक्टरांना लिम्फोमाची, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरची, शंका आहे किंवा बायोप्सीच्या कागदावर ‘क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा’ असं लिहून आलं आहे. अशा १८ ते ३० वयाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिलं आहे.

हा आजार ऐन तरुण वयातच जास्त होतो आणि पूर्ण उपचार घेतलेल्यांतले बहुसंख्य बरे होतात. बिघडतं ते दोनच गोष्टींनी: थांबायला हवं तिथे घाई होते आणि घाई करायला हवी तिथे थांबलं जातं. खालची प्रत्येक पायरी त्याच हिशेबाने मांडली आहे.

१८ पूर्ण असतील तर संमतीपत्रावर सही तुमची असते. घरचे डॉक्टरांना बाजूला घेऊन “त्याला काही सांगू नका” म्हणतात. ते मायेपोटीच असतं, पण केमोच्या सायकलचा (फेऱ्यांचा) हिशेब, तापाची वेळ, गोळ्यांची नावं हे सगळं रुग्णालाच माहीत असावं लागतं. फाइल स्वतःकडे ठेवा.

१. गाठीचं नाव कळेपर्यंत औषध सुरू करू नका

आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की पहिली शंका टीबीची. ती चुकीची नाही, गाठींचा टीबी खरोखरच खूप आढळतो. घोटाळा पुढे होतो. सुई घालून थोड्या पेशी काढतात, म्हणजे एफएनएसी करतात, आणि रिपोर्ट येतो ‘ग्रॅन्युलोमॅटस’, म्हणजे टीबीत दिसतात तसे सुजेच्या पेशींचे पुंजके. तेवढ्यावर टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि दोन-तीन महिने निघून जातात. हॉजकिनच्या गाठीतही ग्रॅन्युलोमा दिसू शकतात. शिवाय या आजाराच्या मूळ पेशी, ज्यांना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात, त्या गाठीत अगदी विरळ असतात. सुईच्या टोकाला त्या लागतीलच असं नाही.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: “एक्सिजन बायोप्सी करता येईल का?” म्हणजे अख्खी गाठ काढून तपासणं. गाठ खोल असेल तर जाड सुईची कोअर बायोप्सी करतात. गाठ काढतानाच सांगून ठेवायची गोष्ट अशी की मोठा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जाऊ द्या, पण एक छोटा तुकडा साध्या सलाइनमध्ये टीबीच्या जीनएक्सपर्ट आणि कल्चरसाठी वेगळा ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे सगळी गाठ त्यात बुडवली तर कल्चर करता येत नाही. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाइकाच्या हातात दोन डब्या यायला हव्यात. एकच आली तर तिथेच विचारा.

बायोप्सीआधी स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. लिम्फोमाची गाठ त्यांनी तात्पुरती बसते आणि निदान आणखी अवघड होतं. “सुई लावली की कॅन्सर पसरतो” हे ऐकून बायोप्सी टाळणं ही दुसरी मोठी चूक. या आजारात तसं होत नाही.

सोबत ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाणारा ताप, रात्री कपडे-चादर ओली होईल इतका घाम, किंवा सहा महिन्यांत वजनात १०% हून जास्त घट यांपैकी काही असेल तर तारखांसह लिहून ठेवा. ही ‘बी लक्षणं’ आहेत आणि त्यांच्यावर स्टेज लिहिताना ‘ए’ की ‘बी’ ते ठरतं. अंगाला सतत खाज असेल तर तीही सांगा.

चेहरा सुजला, आडवं झोपल्यावर दम लागतो, छातीत दाब वाटतो, असं असेल तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा. छातीतली मोठी गाठ श्वासनलिकेवर किंवा मोठ्या शिरेवर दाबत असू शकते.

२. ब्लॉक, स्लाइड, सीडी ताब्यात घ्या

रिपोर्टचा कागद म्हणजे तपासणी नव्हे, ते एका डॉक्टरचं मत आहे. खरी वस्तू म्हणजे ब्लॉक: प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीत मेणात बसवलेला तुमच्या गाठीचा तुकडा. कडेला पेन्सिलीने नंबर असतो. तो नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी लॅबच्या काउंटरवरच जुळवून पाहा, घरी येऊन नको. मोठं हॉस्पिटल याच ब्लॉकवरून पुन्हा स्लाइड कापतं आणि सीडी ३०, सीडी १५, पॅक्स ५ अशा आयएचसी चाचण्या (पेशींवरच्या खुणा रंगवून ओळखणं) करतं.

लॅबला लेखी अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड मागा. ब्लॉक मेणाचा असतो, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. स्लाइड प्लॅस्टिकच्या स्लाइड-बॉक्समध्येच न्या. रुमालात गुंडाळून नेलेल्या स्लाइड एसटीच्या प्रवासात फुटतात आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागतं. स्कॅन झाला असेल तर फिल्मसोबत सीडीही घ्या.

३. हॉस्पिटल ठरवा

परळचं टाटा मेमोरियल हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं आणि ते योग्यच आहे. १९४१ पासूनचं हे हॉस्पिटल, आता अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत, आणि खारघरला त्याचंच अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र. पण तिथे सगळ्या देशातून माणसं येतात आणि रांगा लांब असतात. नोंदणीच्या वेळी जनरल की प्रायव्हेट असं विचारतात. “प्रायव्हेट घेतलं तर चांगलं बघतील” या समजाने उत्तर देऊ नका. डॉक्टर आणि औषधं तीच असतात, बिलात मात्र मोठा फरक पडतो, आणि उपचार सहा महिने चालतात.

आमचं स्पष्ट मत आहे: निदान आणि उपचाराचा आराखडा मोठ्या केंद्रात पक्का करून घ्या, आणि केमो शक्य तर घराजवळ घ्या. हॉजकिनची पहिली केमो सगळीकडे जवळपास ठरलेलीच असते. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर हॉस्पिटल, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हे पर्याय आहेत. दर पंधरा दिवसांनी रात्रभर प्रवास करून आलेलं शरीर आणि घरून तासाभरात पोचलेलं शरीर यात फार फरक असतो.

मुंबईतच राहायचं तर हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्क विभागात आधी जा. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी रुग्णांची सोय होते. त्यासाठी हॉस्पिटलची कागदपत्रं लागतात, म्हणून नोंदणी आधी आणि खोली नंतर. पहिल्या दोन दिवसांची सोय वेगळी करून या.

४. पैशाचे कागद केमोच्या आधी

सोबत न्यायचं पाकीट असं भरा:

- आधार कार्ड (रुग्ण आणि सोबतची व्यक्ती), पासपोर्ट आकाराचे ८ फोटो
- रेशन कार्ड, पहिलं आणि शेवटचं पान दोन्ही
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- बायोप्सी रिपोर्ट मूळ प्रत, ब्लॉक, स्लाइड, सीडी
- पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत
- मेडिक्लेम असेल तर पॉलिसी आणि कार्ड
- सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स, आणि फोनमध्ये फोटो

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. योजनेतल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. पहिल्या दिवशी त्यांनाच गाठा. योजना कॅशलेस आहे. मंजुरी आधी मिळते, भरून झालेलं बिल नंतर परत मिळत नाही. “दोन केमो खिशातून करू, मग कागद करू” असं म्हणणाऱ्यांचे ते पैसे जातात.

अडतं कुठे? रेशन कार्डात. मुलगा शिकायला पुण्याला गेला म्हणून नाव कमी केलेलं, मुलीचं नाव आधारवर ‘प्रियंका’ आणि रेशनवर ‘प्रियांका’, किंवा कार्ड ऑनलाइन झालेलंच नाही. बायोप्सीचा रिपोर्ट यायला जे आठ-दहा दिवस लागतात, त्यातच तहसील कार्यालयात ही कामं उरकून घ्या.

योजनेबाहेरच्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि ट्रस्ट आहेत. त्यांना हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. मदत बहुतेक वेळा थेट हॉस्पिटलच्या खात्यात जमा होते.

वडिलांच्या नोकरीच्या मेडिक्लेममधून मुलांची नावं बऱ्याचदा २५व्या वर्षी गळतात. तुम्ही २४ चे असाल तर नूतनीकरणाची तारीख आजच बघा.

रेल्वेत उपचाराच्या प्रवासासाठी कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सूट आहे, सोबतच्या एका व्यक्तीला ७५%. ठरावीक नमुन्यातला फॉर्म हॉस्पिटलमधून मिळतो आणि तिकीट आरक्षणाच्या खिडकीवर काढायचं असतं. एसटीतही सवलत आहे. वडील प्राप्तिकर भरत असतील आणि जुनी कररचना निवडली असेल, तर कलम ८०डीडीबीखाली ४०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते.

५. पेट स्कॅन: छोट्या चुका, मोठा गोंधळ

पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देतात आणि ती जिथे जास्त ओढली जाते ती जागा चित्रात चमकते. स्टेज १ ते ४ यावरून ठरते. स्टेज ४ ऐकून हातपाय गाळू नका. या आजारात स्टेज ४ सुद्धा बरं करण्याच्याच हेतूने उपचारली जाते.

आदल्या दिवशी जिम, फुटबॉल, धावणं बंद. स्नायू थकलेले असले की तेच उजळतात. ४ ते ६ तास उपाशी, साधं पाणी चालतं. इंजेक्शननंतर साधारण तासभर एका खोलीत शांत पडून राहायचं असतं, आणि ती खोली थंडगार असते. तरुण शरीरात मानेभोवती आणि खांद्यांवर तपकिरी चरबी असते. थंडी वाजली की ती काम करू लागते आणि स्कॅनमध्ये नेमकी गाठींच्या जागीच चमकते. म्हणून स्वेटर, मोजे न्या आणि पांघरूण मागून घ्या, मे महिना असला तरी.

त्या दिवशी काही तास गरोदर बायका आणि लहान मुलांपासून लांब राहा. पुढचे स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला करा, तुलना सोपी जाते.

६. पहिल्या केमोच्या आधीचा आठवडा

इथे आठ-दहा दिवसांनी सहसा काही बिघडत नाही (छातीतली मोठी गाठ, दम लागणं ही वेगळी गोष्ट). हा वेळ वाया घालवू नका.

*मूल होण्याची क्षमता.* हा विषय डॉक्टरांनी काढला नाही तर तुम्ही काढा. लाजेपोटी किंवा आई शेजारी बसली आहे म्हणून गप्प राहू नका. दोन मिनिटं एकट्याने बोलायचं आहे असं सांगा. नेहमीच्या एबीव्हीडी केमोनंतर (अ‍ॅड्रियामायसिन म्हणजेच डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, विनब्लास्टिन, डकार्बाझिन ही चार औषधं) बहुतेकांची क्षमता टिकते. पण आजार उलटला तर पुढची जोरदार केमो आणि स्टेम सेल प्रत्यारोपण यांत ती बहुधा जाते, आणि तेव्हा साठवायला वेळ नसतो. मुलग्यांनी दोन-तीन दिवसांच्या अंतराने वीर्याचे दोन-तीन नमुने नोंदणीकृत वीर्य-बँकेत द्यावेत. ते द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. मुलींना बीजांडं साठवायला १० ते १४ दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात. हल्ली पाळीच्या तारखेची वाट न बघताही ती सुरू करता येतात, म्हणून निदान झाल्याच्या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. साठवणुकीचं वार्षिक भाडं कोण भरणार आणि नूतनीकरणाची आठवण कोण ठेवणार, हेही ठरवा.

*हृदय आणि फुप्फुस.* डॉक्सोरुबिसिनसाठी २डी इको, ब्लिओमायसिनसाठी पीएफटी, म्हणजे फुंकून करायची श्वासाची चाचणी. सिगारेट, हुक्का, व्हेप आजपासून बंद. ब्लिओमायसिन फुप्फुसालाच इजा करू शकतं.

*दात.* किडलेली दाढ आताच दाखवा. काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) पडलेले असताना तीच तापाचं कारण होते.

*शीर.* सहा सायकल म्हणजे १२ वेळा सुई. पिक लाइन किंवा पोर्टबद्दल (मोठ्या शिरेत बरेच महिने ठेवायची नळी) विचारा, विशेषतः हाताच्या शिरा बारीक असतील तर.

७. केमोचा दिवस

एबीव्हीडीची एक सायकल २८ दिवसांची: पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी डोस. बहुतेक वेळा डे-केअरमध्ये काही तासांत होतं आणि संध्याकाळी घरी. आदल्या दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून रिपोर्ट घेऊन जा, तिथे रांगेत अर्धा दिवस वाचतो.

सलाइनआधी उलटी थांबवणारी औषधं देतात. अ‍ॅप्रेपिटंट लिहून दिलं असेल तर १२५ मिग्रॅची कॅप्सूल केमोच्या तासभर आधी, आणि ८० मिग्रॅची दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी. उलटी होत नाही म्हणून पुढच्या दोन गोळ्या सोडून देतात आणि तिसऱ्या दिवशी कोसळतात. तिन्ही घ्या.

मग नर्स मोठी लालभडक सिरिंज आणते. हे डॉक्सोरुबिसिन. ते हळूहळू चढत असताना सुईच्या जागी जळजळ, टोचणी किंवा फुगवटा जाणवला तर त्या क्षणी “सिस्टर, थांबा” म्हणा. हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी आणि आतलं मांस जळतं. सहन करण्याची ही जागा नव्हे. पुढचा एक-दोन दिवस लघवी लाल-नारिंगी होते, ते रक्त नसतं.

डकार्बाझिनची बाटली काळ्या किंवा खाकी कागदात गुंडाळलेली असते, कारण प्रकाशात ते खराब होतं. नळीही झाकलेली आहे ना, बघा. याने शीर दुखते. वेग कमी करायला सांगा, शेक मागा.

त्या वेळी आवडीचं जेवण खाऊ नका. केमोच्या दिवशी खाल्लेल्या पदार्थाची पुढे कित्येक महिने शिसारी बसते. मऊ भात, मुगाचं वरण, राजगिऱ्याचे लाडू असलं काहीतरी न्या.

८. घरचे चौदा दिवस

सगळ्यात महत्त्वाचं: ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, झाला की रात्र असो की दिवाळी, हॉस्पिटल. आधी क्रोसिन घेऊ नका, ती ताप झाकते. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली असतात. तेव्हा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो आणि शिरेतून अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात मिळायला हवं.

गावी असाल तर ऑन्कॉलॉजिस्टकडून (तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडून) आधीच एक चिठ्ठी घेऊन ठेवा: रुग्णाची केमो चालू आहे, ताप आल्यास सीबीसी आणि ब्लड कल्चर घेऊन लगेच अमुक अँटिबायोटिक शिरेतून द्यावं. ही चिठ्ठी नसेल तर गावातला दवाखाना कमरेत एक इंजेक्शन देऊन घरी पाठवतो. थर्मामीटर डिजिटल घ्या, सेलची एक जोडी जादा ठेवा.

बद्धकोष्ठ हमखास होतं, कारण विनब्लास्टिन आणि उलटीच्या गोळ्या दोन्ही आतडी मंद करतात. तीन दिवस वाट बघू नका, पहिल्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेलं सारक घ्या. तोंड आलं तर कपभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा. तिखट बंद, दात मऊ ब्रशने.

खाण्यात पथ्य एवढंच: शिजलेलं, ताजं, घरचं. पाणीपुरी, उघड्यावरचा रस, कच्ची कोशिंबीर काउंट सुधारेपर्यंत नको. अंडी पूर्ण उकडून खा. कुणीतरी काढा, भस्म, गोमूत्र अर्क आणून देईल, आणि देणाऱ्याचा जीव तुमच्यासाठी तुटतच असतो. त्यांना एवढंच सांगा की यकृताचे आकडे वाढले तर केमो पुढे ढकलली जाते. घ्यायचंच असेल तर बाटली आधी डॉक्टरांना दाखवा.

कोरडा खोकला किंवा जिना चढताना नव्याने दम लागला तर पुढच्या ब्लिओमायसिनआधी सांगा. पुढे आयुष्यात कुठलंही ऑपरेशन झालं तर भूलतज्ज्ञालाही ब्लिओमायसिन घेतल्याचं सांगायचं.

९. गाठ गेली म्हणून थांबू नका

पहिल्या-दुसऱ्या डोसनंतर मानेतली गाठ हाताला लागेनाशी होते. नेमकं इथेच लोक उपचार सोडतात: शेतीची कामं, परीक्षा, पैसे. हाताला न लागणाऱ्या पेशी आत जिवंत असतात आणि परत आलेला आजार जास्त अवघड असतो.

दोन सायकलनंतर पुन्हा पेट स्कॅन होतो, पुढच्या डोसच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. रिपोर्टमध्ये ‘डोव्हिल स्कोअर’ शोधा, म्हणजे गाठीची जागा किती चमकते याचे १ ते ५ गुण. १, २, ३ चांगले. मग पुष्कळदा ब्लिओमायसिन काढून एव्हीडी देतात. ४ किंवा ५ असेल तर औषधं बदलण्याची चर्चा होते, कधी पुन्हा बायोप्सी. ‘रेसिड्युअल मास’ (उरलेली गाठ) हे शब्द पाहून घाबरू नका. गाठीच्या जागी वण उरतो. तो चमकतो का, हे महत्त्वाचं.

१०. कॉलेज

पहिल्या केमोच्या आठवड्यातच प्राचार्यांना अर्ज, सोबत हॉस्पिटलचं पत्र, आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का. हजेरीची सूट मागताना हाच शिक्का कामाला येतो. डोसनंतरचे चार-पाच दिवस कोरे धरा, दुसरा आठवडा गर्दीपासून लांब. अभ्यास त्या बेताने लावा. वर्ष गेलंच तर डिस्चार्ज कार्ड जपा, गॅपचं कारण पुढे दर प्रवेशाला विचारतात.

११. उपचार संपल्यावर

शेवटच्या केमोनंतर ६ ते ८ आठवड्यांनी, रेडिएशन झालं असेल तर साधारण १२ आठवड्यांनी शेवटचा पेट. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. लक्षण नसताना मनाच्या समाधानासाठी पेट स्कॅन करत बसू नका. तपासणीच्या आधीचे चार दिवस झोप उडते, हे जवळपास सगळ्यांना होतं. थकवाही कित्येक महिने रेंगाळतो. रोज वीस मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा.

बाहेर पडताना एका पानाचा ‘ट्रीटमेंट समरी’ मागा, त्यावर चार गोष्टी हव्यात: आजाराचा प्रकार आणि स्टेज, औषधांची नावं आणि सायकली, डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस (सहा पूर्ण एबीव्हीडी सायकलींत तो प्रति चौरस मीटर ३०० मिग्रॅ होतो), आणि रेडिएशनची जागा व मात्रा. वीस वर्षांनी छातीत दुखलं तर नव्या डॉक्टरांना हाच आकडा लागणार आहे. नोकरीच्या मेडिकल फॉर्मात आणि विमा घेताना आजार लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो. लग्नाच्या बोलण्यांतही हेच पान पुढे ठेवा.

मानेवर रेडिएशन झालं असेल तर दरवर्षी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासा, कारण थायरॉइड हळूहळू मंदावतो आणि सुस्ती, वाढतं वजन याचं खापर आळसावर फुटतं. छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींनी स्तनांची तपासणी चाळिशीपर्यंत लांबवायची नाही. ती कधी आणि कशी सुरू करायची, ते शेवटच्या भेटीतच विचारून समरीच्या पानावर लिहून घ्या.